आम्ही तो कागद भिंतीवरून का उतरवला?



आम्ही पाच जण, तिघी आणि दोघे. नगर जिल्ह्यात (कागदोपत्री आता अहिल्यानगर) बी.एड. करणारे छात्राध्यापक. पाचही जण वस्तीतून आलेले, घरातली शिकणारी पहिली किंवा दुसरी पिढी. दुसऱ्या वर्षाला सोळा आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढावे लागतात. ते आम्ही दक्षिण नगरमधल्या एका गावात काढले, ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत. गावाचे आणि शाळेचे नाव आम्ही इथे लिहिणार नाही. का, ते लेख वाचताना कळेल.

हा लेख आमच्या चुकीबद्दल आहे. चूक नेमकी कोणती, यावर आमच्या पाच जणांत अजून एकमत नाही. म्हणूनच ती चळवळीतल्या मित्रांपुढे मांडतो आहोत.

पहिल्या आठवड्यात आठवीच्या निबंधाच्या वह्या तपासायला मिळाल्या. विषय नेहमीचा, ‘माझा आवडता सण’. निम्म्याहून अधिक वह्यांमध्ये तीच दिवाळी होती. तेच अभ्यंगस्नान, तेच फराळाचे ताट, अंगणातली तीच रांगोळी आणि तुळशीवृंदावनापुढची पणती. एका मुलाचे घर आम्ही पाहिले होते. पत्र्याची एक खोली, दार उघडले की रस्ता. त्याला विचारले, “तुझ्या घरापुढे वृंदावन कुठे आहे रे?” तो म्हणाला, “नाय सर. गाईडात हाय.”

त्याला हसावे असे काही नव्हते. तो शहाणा मुलगा होता. निबंध गुरुजींसाठी लिहायचा असतो, गुरुजींना काय हवे ते गाईडात असते, आणि दहापैकी सात गुण मिळाले की वही बंद करायची असते, एवढे त्याला पक्के कळले होते. त्याच्या घरी भीमजयंतीला निळे झेंडे लागतात, पाहुणे येतात, नवे कपडे येतात. ते त्याने लिहिले नाही, कारण ते कोणाला वाचायचे आहे असे त्याला शाळेत कधी वाटलेच नव्हते.

आमचा मुद्दा इथून सुरू होतो. आपल्या मुलांना लिहिता येत नाही अशी ओरड सगळे करतात. लिहिता येत नाही हे अर्धेच खरे आहे. त्यांना वाचक नाही. वहीचा एकच वाचक असतो, तो लाल शाईचा पेन घेऊन बसतो आणि ऱ्हस्व-दीर्घाखाली रेघा मारतो. काय लिहिले यावर तो काही बोलत नाही. ज्याला कोणी उत्तर देत नाही, तो माणूस हळूहळू बोलायचा थांबतो. मूल तर लवकर थांबते.

म्हणून आम्ही भित्तिपत्र सुरू केले. व्हरांड्यात सुविचाराचा फळा आणि पोषण आहाराचा तक्ता यांच्या मधली भिंत मोकळी होती. दर शनिवारी तिथे दोन कार्डशीट लावायचे. विषय एकच ठेवला, आपल्या गावातले जे पुस्तकात नाही ते. अट एकच, जे पाहिले किंवा विचारून घेतले तेच लिहायचे. भाषा घरची चालेल.

पहिल्या शनिवारी चार मुलांनी लिहिले, तिसऱ्या शनिवारी सतरा जणांनी. एका मुलीने बारवेचे नाव आजीला विचारून आणले. एकाने बापाच्या बँडची माहिती लिहिली, कोणत्या लग्नात किती सुपारी मिळते याच्या आकड्यांसकट. एकाने लिहिले की वस्तीची बोअर दोन वर्षांपासून बंद आहे. सोमवारी त्याखाली कोणीतरी पेन्सिलीने लिहिले होते, ‘दोन नाही, तीन’. लिहिणारा मुलगा सरपंचांच्या घरी जाऊन विचारून आला आणि त्याने स्वतःच आकडा दुरुस्त केला. सोळा आठवड्यांत आम्ही कितीतरी पाठ टाचणे काढली, प्रत्येक टाचणात उद्दिष्टे लिहिली. पण आपले वाक्य खरे आहे की नाही हे तपासायला मूल आपणहून उठून गेले, असे त्या एका पाठात घडले नाही. पेन्सिलीच्या तीन शब्दांनी ते घडवले.

आम्ही खूश होतो. त्या खुशीत एक गोष्ट आम्ही विसरलो. वहीचा वाचक एकच असतो म्हणून मूल गप्प राहते, पण त्याच कारणाने ते सुरक्षितही असते. भिंतीला कोणीही वाचक असतो.

सप्टेंबरमध्ये एका मुलीने चार वाक्ये लिहिली. श्रावणात गावात सप्ताह झाला होता. तिने लिहिले की काल्याच्या जेवणाला आमच्या वस्तीच्या लोकांना शेवटी आणि बाजूला बसवतात. मागच्या वर्षी मी पुढच्या ओळीत बसले तर मला उठवले. उठवणाऱ्या बाईने मला नावाने हाक मारली, म्हणजे ती मला ओळखत होती. या वर्षी मी गेले नाही. खाली तिचे पूर्ण नाव, इयत्ता आठवी.

आम्ही ते वाचले, आमच्यात चर्चा केली आणि लावले. खरे सांगायचे तर चर्चा पाच मिनिटांची होती. आमच्यातल्या प्रत्येकाला आपापल्या गावची पंगत आठवत होती. त्या मुलीने आमच्या वतीने लिहिले असे आम्हाला वाटले, आणि त्यातच आमचे भान सुटले.

शनिवारी कागद लागला. रविवारी कोणीतरी त्याचा फोटो काढून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. सोमवारी दहा वाजता चार माणसे शाळेत आली. आरडाओरडा कोणी केला नाही. गावाची बदनामी होते, पोरांच्या डोक्यात हे कोण भरवते, बाहेरून आलेल्यांनी शिकवायचे काम करावे, एवढेच ते बोलले. मुख्याध्यापकांनी आम्हाला बोलावून सांगितले, “तो कागद काढा. तुमचा अहवाल मला पाठवायचा आहे.” आम्ही कागद काढला.

काढताना वर्ग व्हरांड्यात उभा होता. ती मुलगी पुढे आली आणि तिने विचारले, “मॅडम, ते खोटं हाय का?”

आमच्यापैकी कोणीही उत्तर दिले नाही. आजवर ज्या गुरुजींना आम्ही नावे ठेवत आलो, त्यांच्याच रांगेत आम्ही त्या क्षणी जाऊन उभे राहिलो.

संध्याकाळी तिचे वडील भेटायला आले. ते भांडायला आले असतील असे समजून आम्ही माफीची वाक्ये तयार ठेवली होती. ते शांतपणे म्हणाले, “ताई, पोरीनं लिव्हलं ते खरंच हाय. पण तुमी डिसेंबरात जाणार. आमाला हितंच राहायचंय. तिलाबी याच रस्त्यानं शाळेत यायचंय.”

ही गोष्ट चळवळीतल्या काही मित्रांना सांगितली तेव्हा त्यांनी आम्हाला धारेवर धरले. कागद काढायलाच नको होता, घटनेचे कलम 17 काय शोभेला आहे का, ॲट्रॉसिटीची तक्रार द्यायला हवी होती, असे ते म्हणाले. महाविद्यालयातल्या मार्गदर्शकांनी उलट सांगितले की संवेदनशील विषय इंटर्नशिपमध्ये घ्यायचेच नसतात. दोन्ही सल्ले देणाऱ्यांपैकी कोणालाही त्या रस्त्याने शाळेत जायचे नव्हते.

बापाच्या बोलण्याला भित्रेपणा म्हणणे सोपे आहे. पण हा जिल्हा कोणता आहे ते आठवा. 28 एप्रिल 2014 रोजी जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात नितीन आगे या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याचा खून झाला. दिवसाढवळ्या, भरल्या गावात. नोव्हेंबर 2017 मध्ये न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले, कारण साक्षीदार एकामागून एक फितूर झाले होते. नगर जिल्ह्यातला प्रत्येक वस्तीतला बाप हे जाणतो. कायदा पुस्तकात असतो आणि साक्षीदार गावात असतात, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

मग करायचे काय? मुलांना पुन्हा गाईडातल्या वृंदावनाकडे पाठवायचे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही याच जिल्ह्याच्या इतिहासाकडे गेलो. 1842 साली अमेरिकन मराठी मिशनने ‘ज्ञानोदय’ हे पत्र सुरू केले ते अहमदनगरात. पुढे ते मुंबईला गेले. याच नगरमधल्या मिस फरार यांच्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या होत्या आणि सावित्रीमाईंनी शिक्षिकेचे धडे घेतले ते फरारबाईंकडेच. म्हणजे सावित्रीमाई या नगरमधल्या आमच्या आधीच्या छात्राध्यापिका. त्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, आणि ‘ज्ञानोदय’ने तो 15 फेब्रुवारी व 1 मार्च 1855 च्या अंकांत दोन भागांत छापला. धर्मग्रंथ जर आमचे नाहीत तर आमचा धर्म कोणता, असे ती विचारते. बाळंत होणाऱ्या बायांच्या डोक्यावर छप्पर नसते, हे ती सांगते. हे तिने पाहिलेले होते, कोणत्याही गाईडात ते नव्हते.

मुक्ताचा निबंध आपण दरवर्षी भाषणात आणतो आणि तिच्या धाडसाचे कौतुक करतो. धाडस होतेच. पण तिच्या मागे काय उभे होते ते आपण सांगत नाही. तिच्या मागे शेण-दगड झेलूनही पाय मागे न घेणारे शिक्षक होते. तिचे लेखन छापणारे पत्र होते आणि गावच्या पाटलाने डोळे वटारले म्हणून ते बंद पडणार नव्हते. आमच्या विद्यार्थिनीकडे मुक्ताइतकेच धाडस होते. तिच्या मागे सोळा आठवड्यांचे पाच छात्राध्यापक होते, तेही अहवालाला घाबरणारे. कमतरता मुलीत नव्हती.

दुसरी गोष्ट ‘मूकनायक’ची. 31 जानेवारी 1920 रोजी पहिला अंक निघाला तेव्हा संपादक म्हणून नाव होते पांडुरंग नंदराम भटकर यांचे. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते आणि सरकारी नोकरीमुळे त्यांना आपले नाव घालता येत नव्हते. लेखणी बाबासाहेबांची, नाव भटकरांचे. याला कोणी भित्रेपणा म्हणत नाही. शब्द लोकांपर्यंत जायला हवा आणि लिहिणारा उद्याही लिहायला शिल्लक राहायला हवा, म्हणून ती व्यवस्था केलेली होती. प्रत्यक्ष बाबासाहेबांच्या लेखनाला अशी व्यवस्था लागली, आणि आम्ही तेरा वर्षांच्या मुलीचे पूर्ण नाव गावाच्या भिंतीवर लावून मोकळे झालो.

आमची चूक इथे होती, असे आमच्यातल्या तिघांचे म्हणणे आहे. लिहू दिले ही चूक नव्हती. वाचक कोण असेल याचा विचार न करता आम्ही लावले, आणि तिला व तिच्या घराला विचारले नाही. उरलेले दोघे म्हणतात की चूक कागद लावण्यात नव्हतीच, काढण्यात होती. निदान तिच्या प्रश्नाला “खोटं नाही” एवढे तरी वर्गासमोर बोलायला हवे होते. त्यांचे हे म्हणणे आम्हा तिघांनाही नाकारता येत नाही.

तो कागद आम्ही फाडला नव्हता. खोलीवर नेऊन पाहिला तेव्हा त्याच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेली एक ओळ दिसली, ‘हे खरे आहे. मी पाहिले आहे.’ अक्षर त्या मुलीचे नव्हते. चार आठवडे वह्या तपासल्यावर शिक्षकाला अक्षर ओळखू येते. ते मूल आमच्या वस्तीतले नाही, एवढेच सांगतो.

पेन्सिलीच्या त्या ओळीने आमचा पुढचा सगळा विचार बदलला. साक्षीदार गावात असतात असे आम्ही वर लिहिले. ते घडतात कुठे? याच वयात, याच व्हरांड्यात. एक मूल खरे लिहिते आणि दुसरे मूल, ज्याचे त्यात काही नुकसान नाही, ते ‘मी पाहिले आहे’ म्हणते. निबंधाच्या वहीत हे कधीच घडू शकले नसते, कारण तिथे मुले एकमेकांना वाचतच नाहीत.

मग आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आधी मुलीच्या घरी गेलो आणि तिला सर्वांसमोर सांगितले, “तू लिहिलेलं खरं आहे. तुला न विचारता आम्ही तुझं नाव लावलं आणि तुला न विचारता कागद काढला. दोन्ही चुकलं.” ती काही बोलली नाही. तिच्या आजीने चहा ठेवला.

वस्तीत बुद्धविहार आहे. अशोक विजयादशमीच्या संध्याकाळी, आई-वडिलांच्या संमतीने, तिने ती चार वाक्ये विहारात वाचली. वाचक ओळखीचे, घरचे, सगळे त्या पंगतीला बसलेले. वाचून झाल्यावर एक म्हातारी म्हणाली, “आमच्या वक्ताला तर वळच नव्हती. वरून टाकायचे.” मग दुसरी बोलली, मग तिसरी. मुलगी वही काढून लिहू लागली. त्या रात्रीपर्यंत वस्तीतल्या बायांनी ही गोष्ट एकमेकींशीही कधी बोललेली नव्हती, असे तिच्या आईने आम्हाला नंतर सांगितले. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट सगळ्यांसमोर बोलली जाते तेव्हा काय होते ते आम्ही त्या संध्याकाळी पाहिले.

तेव्हापासून विहाराच्या भिंतीवर पंधरा दिवसांनी भित्तिपत्र लागते. संपादक मुलेच आहेत. नाव घालायचे की नाही हे लिहिणारा आणि त्याचे घर ठरवते. नाव नको असेल तर खाली ‘संपादक मंडळ’ असते, आणि मंडळाच्या वतीने वस्तीतला एक मोठा माणूस सही करतो. विचारायला कोणी आले तर त्याने उत्तर द्यायचे, मुलांनी नाही. दिवाळीच्या तोंडावर कोयत्याच्या टोळ्या निघाल्या तेव्हा एका मुलाचा लेख अर्धाच राहिला. ट्रॅक्टरवर बसण्यापूर्वी तो कागदाखाली लिहून गेला, ‘बाकीचे आल्यावर’. ती जागा मुलांनी मोकळी ठेवली आहे.

इथे एक धोका आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नाही, तेव्हा आपली भिंत आपण उभी केली हे बरोबरच होते. पण शाळेची भिंत कोणाच्या खाजगी मालकीची नाही. ती सरकारी पैशाची आहे, त्यात आपल्या बापाचा घाम आहे. आपली मुले फक्त विहारात लिहू लागली आणि शाळेत पुन्हा वृंदावन रंगवू लागली, तर शब्दांचीही वेगळी पंगत झाली. शिवाय ‘मी पाहिले आहे’ लिहिणारे ते मूल विहारात येत नाही. त्याची आणि आमच्या मुलीची भेट होण्याची जागा शाळाच आहे.

म्हणून 26 नोव्हेंबरला, परिपाठात उद्देशिका वाचून झाल्यावर, आम्ही मुख्याध्यापकांकडे ती भिंत पुन्हा मागितली. त्यांनी अट घातली की कागद लावण्यापूर्वी ते वाचतील. आम्ही मान्य केले आणि आमचीही अट सांगितली. जो कागद नाकाराल त्याचे कारण मुलाला समोर बसवून सांगायचे. ते बराच वेळ गप्प राहिले, मग “बघू” म्हणाले. त्यानंतर दोन शनिवार कागद लागले. पंगतीचा कागद त्यांत नव्हता. ती मुलगी म्हणाली की तो ती पुढच्या श्रावणात लावेल, तेव्हाचे पाहून. निर्णय तिचा आहे.

आता आमचे सोळा आठवडे संपले. आम्ही निघून आलो, बापाने सांगितले होते तसेच. टीईटी, पवित्र पोर्टल, जाहिरातीची वाट, हे सगळे आमच्यापुढे आहे आणि हा लेख वाचणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांपुढेही आहे. नोकरी मिळेपर्यंत आपण शिक्षक नाही, असे मात्र समजू नका. प्रत्येक वस्तीत विहार किंवा समाजमंदिर आहे आणि शिकलेला एक तरी तरुण आहे. महिन्यातून दोन कार्डशीट आणि एका स्केचपेनाचा खर्च आहे. तिथे तुम्ही लिहायला बसू नका. मुलांना लिहू द्या, वाक्य खरे आहे का एवढे विचारा, आणि खाली सही करायची वेळ आली तर ती तुमची असू द्या. तुम्ही त्या गावचे आहात. आम्ही नव्हतो, आणि आमचे सगळे चुकले ते त्यामुळेच.

मुक्ताची जयंती-पुण्यतिथी आपल्याला करता येत नाही. तिचा निबंध छापणारा मात्र आपल्याला होता येते.

जय भीम! जय संविधान!